एक बूट, डावा

स्टेशन डायरीत मी लिहिलं :
"रात्रौ ०२.४० वा. सदर तीन इसम
आचरे खाडीपात्रात मिळून आले."
मिळून आले.
ओहोटीला मुळे मिळून येतात तसे.

माझं अक्षर चांगलं, म्हणून मी ठाण्यात असतो.
खाडीत कोयंडे होते.

पतपेढीच्या राखणदाराला मारून
तिघांनी कुणाचीशी होडी सोडली.
घाटातले नाके त्यांना पाठ होते,
कुठला कॅमेरा बंद, तेही.
तिथी विचारायचं मात्र राहून गेलं.

हवालदार कोयंडे बोटं मोडत म्हणाले,
"वद्य एकादशी. पाऊणपट केली की सव्वाआठ,
त्यात सहा घाल.
सव्वादोनाक खाडीत पाणी नाय. खय जातले?"

मी देवगडला फोन लावला.
गाडी निघाली म्हणाले. पाऊण तास.

बांधावर शमीम मुजावर, नोकरीला सहा महिने,
हातात टॉर्च.
कोयंडे तिला म्हणाले, माझ्यावर मारू नको,
त्यांच्या डोळ्यांत मार.
आणि लाठी घेऊन उतरले.

शौर्य म्हटलं की लोकांना धावणारा माणूस दिसतो.
खाडीच्या चिखलात धावून बघा.
पाय मांडीपर्यंत जातो,
तो उपसायचा, त्याचा तो ओला, लाज आणणारा आवाज,
मग दुसरा.
कट्टा रोखलेल्या माणसाकडे
मिनिटाला चार पावलं.
मागे फिरायचं ठरवलं तरी चारच.

पहिली गोळी तिवरांत गेली, बगळे उठले.
दुसरी अजून सापडलेली नाही.
पंचनाम्यात तिची जागा मी मोकळी ठेवली आहे.
शमीम सांगते, तेव्हा ते थांबले.
घाबरले असतील. दम लागला असेल.
तिला उजेडात फक्त पाठ दिसत होती
आणि पाठीवरून काही कळत नाही.

मग त्यांचा आवाज आला,
रापण ओढताना पोरांना हाळी द्यावी तसा :
"पाणी फिरला रे. आयकतास?
चिखल तुमका सोडूचो नाय. माका पण नाय.
ता लोखंड टाका नि फळी धरा."

सर्वांत धाकटा रडायला लागला.
कट्टा पाण्यात पडल्याचा आवाज शमीमने ऐकला.
थोरल्याने कोयता चालवला.
कोयंड्यांच्या डाव्या पंजाला अकरा टाके आहेत.
त्याच पंजाने त्यांनी त्याची मान
वाढत्या पाण्याच्या वर धरून ठेवली,
शमीम दोर घेऊन पोचेपर्यंत.

गाडी आली तेव्हा चौघं बांधावर बसले होते,
चिखलाने सारखेच.
साहेबांनी विचारलं,
यातला आपला कुठला?

महिन्याभराने पाचशे रुपये बक्षीस मंजूर झालं.
त्याच टपालात भांडार शाखेचं पत्र :
"शासकीय बूट, डावा, नग एक, गहाळ.
सात दिवसांत खुलासा सादर करावा."
कोयंडे पोट धरून हसले.
म्हणाले, लिही रे, तुझं अक्षर बरं आहे.

लिहिला.
त्या रात्री टेलिफोनजवळ बसून
मी दाराला आतून कडी घातली होती.
तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
शमीमला माहीत असावं.
परत आल्यावर तिलाच दार वाजवावं लागलं होतं.

काल दुपारी ओहोटीला बांधावर गेलो.
चपला काढल्या.
एक पाऊल टाकलं,
गुडघ्यापर्यंत गेलं,
आणि बराच वेळ निघेना.
पलीकडे खुबे वेचणारी बाई उभी राहून बघत होती.
कोणी विचारलंच, तर सांगेन,
बूट शोधत होतो.